शिबाडांचे राज्य

पुण्याची सदाशिव पेठ आणि समुद्र यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आडवा आहे. तरी मराठ्यांच्या दर्याचा माग काढायचा तर पाय याच पेठेकडे वळतात. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली स्थापलेले भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच आहे.

शिवरायांची मूळची पुणे-सुपे जहागीर पूर्ण घाटावरची. किनारा तिला नव्हताच. १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी हाती आली आणि खाडीचे पाणी लाभले. दोनच वर्षांत तिथे जहाजे बांधली जात होती. पोर्तुगीज कारागीर हाताशी धरले होते, त्यांना पोर्तुगीजांनी परत वळवले. काम मात्र थांबले नाही.

पुढचे आपल्याला तोंडपाठ असते: सिंधुदुर्ग, बसरूरची स्वारी, तोफा डागणाऱ्या गुराबा. शिबाड मात्र कुणाला आठवत नाही. पसरट तळाचे, दोन डोलकाठ्यांचे, पोटात माल भरून जाणारे हे गलबत. १६६५ च्या सुमारास सुरतेचे इंग्रज वखारवाले लिहितात, की शिवाजीने घेतलेल्या आठ-नऊ मोठ्या बंदरांतून दरसाल प्रत्येकी दोन-तीन वा अधिक व्यापारी जहाजे इराण, बसरा, मोखा इकडे जातात. मला ही नोंद कोणत्याही विजयाइतकी मोलाची वाटते. आरमार आपला किनारा राखते. व्यापारी जहाज परक्या बंदरात एकटे उभे राहते, आणि तिथे त्याच्यामागे राज्याची पतच उभी असते.

ही पत किनाऱ्यावर अवलंबून नसते, हे जगाला फार उशिरा पटले. समुद्र नसलेल्या देशाच्या जहाजालाही स्वतःचा झेंडा लावता येतो, ही मान्यता १९२१ च्या बार्सिलोना परिषदेत मिळाली. चहूकडून युद्धाने वेढलेल्या स्वित्झर्लंडने १९४१ साली धान्य आणण्यासाठी आपला सागरी झेंडा उभारला, आणि ऱ्हाइनकाठचे बाझल हे त्या जहाजांचे नोंदणीचे बंदर ठरले. स्वित्झर्लंडला किनारा कधीच मिळणार नव्हता. शिवरायांनी तो मिळवला. पण समुद्र नुसता जिंकून भागत नाही, त्याचा हिशेब ठेवावा लागतो, हे दोघांनाही उमगले होते.

तो हिशेब १६७१ च्या एका पत्रात जवळून दिसतो. महाराज कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना लिहितात: पोर्तुगीजांच्या बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात, तेव्हा त्यावर जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल. तोफेचा त्यात उल्लेख नाही. फक्त मीठ, भाव आणि कोणत्या बंदरात कुणाची गलबते लागतील याची काळजी.