रेघ आधी

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्न निघालं की वारली घराच्या भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी चित्र, लिहितात. भिंत सारवलेली, तिच्यावर गेरू. पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा, लेखणी बांबूच्या काडीची. लिहिणाऱ्या सवाशिणी.

देवी मागाहून येते. आधी चौकाची रेघ येते. तिच्या आत दुसरी, आणि दोन रेघांमधल्या पट्टीत नक्षी : त्रिकोण, साखळ्या, ठिपके. कडा भरत जातात. मधोमध पालघाट देवीसाठी जागा मोकळी राहते. तिच्याकडे नजर जाते, ती कडेला झालेल्या मेहनतीमुळे.

छापील पान मांडणाराही आधी रेघाच आखतो. स्तंभ किती, समास केवढा, दोन ओळींत अंतर किती. मथळा मोठा का, चित्र कुठे, कोरं किती, हे सारं त्या आखणीवर बसतं. पान छापून आलं की रेघा दिसत नाहीत; वाचणाऱ्याला फक्त वाट सापडते. चौकातली रेघ मात्र लपत नाही. तिलाच सजवतात. मर्यादाच दागिना होते.

वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. आयुष्य गेलं डहाणूतल्या गंजाडला. सवाशिणींच्या हातातली ही कला १९७०नंतर त्यांनी कागदावर, कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लग्नाचा चौक मागे राहिला, पण आखणी सुटली नाही. त्यांच्या काही चित्रांत मासे धरायचं जाळं चित्रभर पसरलेलं दिसतं. बारीक, दाट रेघा, पट्टीशिवाय मारलेल्या. जाळं नेमकं आहे, तरी ताठ नाही. बांधलेपणातही हात मोकळा राहू शकतो.

सकाळी आपणही दिवस मांडायला बसतो. हे करायचं, ते करायचं, आणि सगळं ठळक अक्षरांत. जिथे प्रत्येक ओळ मथळा होते, तिथे नजर कुठेच टेकत नाही. एखादी गोष्ट मोठी करायला ती मोठ्याने सांगावी लागत नाही. शेजारच्या चार गोष्टी जरा बाजूला सरकल्या तरी पुरतं.

मधे काय ठेवायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. त्याच्याभोवती कोरं किती राखायचं, ते रोज नव्याने ठरवावं लागतं.