श्वेतकेतूचा बाप

श्वेतकेतू १२ वर्षांचा होईपर्यंत गुरूकडे गेलाच नव्हता. आपल्या घरात नुसत्या जन्मावर कुणी ब्राह्मण म्हणवत नाही, असं सुनावून बाप उद्दालक आरुणीने त्याला धाडलं. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातली ही गोष्ट. २४व्या वर्षी तो वेद शिकून परतला, सोबत ताठा घेऊन.

मग बापाने त्याला १५ दिवस केवळ पाण्यावर ठेवलं. पाठ ऋचा आठवेनात, जेवल्यावर आठवल्या. वडाचं फळ फोडायला लावलं, पाण्यात विरघळलेलं मीठ चाखायला लावलं. किती सुंदर शिकवणी ही!

बृहदारण्यक उपनिषदातला प्रसंग त्याहून बोलका. प्रवाहण जैवली राजाच्या पाच प्रश्नांपुढे निरुत्तर झालेला श्वेतकेतू चिडून घरी आला. आपण दोघे शिकायला जाऊ, बाप म्हणाला. तुम्हीच जा, मुलगा उत्तरला.

आरुणी एकटाच गेला आणि राजाचा शिष्य झाला.