दाविदाची पणजी

शास्त्रपाठ : रूथ ४:१३–१७, १ शमुवेल २२:३–४



गावातील एखादी फार वृद्ध बाई प्रभूच्या घरी गेली म्हणजे शेजारीपाजारी म्हणतात, "पिकले पान गळाले, म्हातारीचे सोने झाले." हे शब्द सांत्वनाचे आहेत आणि खोटेही नाहीत. जिने लेकरे, नातवंडे व पतवंडे मांडीवर खेळविली, तिच्यासाठी देवाचे उपकार मानणेच योग्य. परंतु ह्या शब्दांबरोबर आपण तिचा हिशेबही मिटवून टाकतो, आणि तेथे आपली चूक होते.

अड्याळसारख्या गावी अशी पणजी असली म्हणजे ती एका घराची नसते. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायांना बांधावरून हाक मारून ती हसविते. बाळंतिणीच्या उशाशी न बोलावता जाऊन बसते. भंडाऱ्याहून पवनीकडे जाणारा एखादा अनोळखी वाटसरू दाराशी थांबला, तर त्यास पाणी देऊन "कोणाचा रे तू?" असे विचारते, आणि तांब्या रिकामा होण्यापूर्वी त्याच्याशी नाते काढून मोकळी होते. तिची जीभ तिखट असते. पण त्या जिभेने कोणाचे घर मोडत नाही. ज्यांचा अबोला झाला आहे अशा दोघांना एका चुलीपाशी बसविण्याचे सामर्थ्य तिच्याच अंगी असते.

ती गेल्यावर काय होते? शेताची वाटणी होते. पितळेची भांडी वाटली जातात. लुगडी लेकीसुना घेतात. परंतु तिने ऐंशी वर्षे जोडलेली माणसे कोणी वाटून घेत नाही. ती माणसे दोन-चार वेळा दाराशी येतात, आत ओळखीचा आवाज नाही असे पाहतात, आणि मग येईनाशी होतात. घरातील सर्वांत मोठी मिळकत अशी कोणाच्याही नावे न लागता नाहीशी होते.

आता आपण शास्त्राकडे वळू. रूथचे पुस्तक एका वंशावळीने संपते. रूथपासून ओबेद, ओबेदापासून इशाय, इशायापासून दावीद. म्हणजे पिके वेचणारी ही परदेशी विधवा दावीद राजाची पणजी होय. ती मवाबातून सासूबरोबर रिकाम्या हाताने बेथलेहेमास आली. कोणी बोलावण्याची वाट न पाहता ती आपण होऊन बवाजाच्या शेतात गेली, त्याच्या कामकरणींत मिसळली, आणि थोड्याच दिवसांत साऱ्या गावाने तिला सद्गुणी म्हणून ओळखले. पुढे तिला पुत्र झाला तेव्हा काय घडले ते पाहा. बाळाचे नाव बापाने ठेवले नाही, आजीनेही ठेवले नाही; शेजारणींनी ठेवले! परक्या देशातून आलेल्या बाईच्या घरात शेजारणींना एवढा हक्क वाटावा, हे त्या घराचे दार किती उघडे होते ह्याची साक्ष आहे.

रूथचे म्हातारपण कसे गेले हे शास्त्र सांगत नाही. परंतु पुष्कळ वर्षांनी शौल राजा दाविदाच्या जिवावर उठला. दावीद अदुल्लामाच्या गुहेत लपला असता त्याचे आईबाप त्याजकडे आले. म्हाताऱ्यांना रानोमाळ कोठे न्यावे? दावीद मवाबाच्या राजाकडे गेला आणि त्यांस तेथे आसरा मागितला, तो मिळाला. दाविदाने मवाबच का निवडले हे लिहिलेले नाही. पण इशाय हा रूथचा नातू होता, हे आपण विसरू नये. संकटाच्या दिवशी तो वृद्ध मनुष्य आपल्या आजीच्या माहेरी जाऊन राहिला! मवाब व इस्राएल ह्यांचे वैर जुने होते. तरी त्या वैराच्या भिंतीत एका बाईच्या नात्याचे दार होते.

आपल्या महाराष्ट्राच्या मंडळीतही एक उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळ जलालपूर येथे झाला. माहेरचे नाव मनकर्णिका; लग्नाबरोबर ते नाव गेले. आपल्या किती जणांस पणजीचे माहेरचे नाव ठाऊक आहे? १८९५ साली पती नारायण वामन टिळक ह्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा बाई दुःखाने दूर राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरात दुष्काळातील अनाथ लेकरांना जागा मिळाली. भांडणे, हसणे, माणसे गोळा करणे आणि स्वतःच्या फजितीवर सर्वांआधी हसणे हा त्यांचा स्वभाव. १९३६ साली त्या निवर्तल्या. पणजी होण्याइतके आयुष्य त्यांना लाभले नाही. तरी आज परक्या घरांतील पतवंडेही त्यांना ओळखतात, कारण त्यांचे 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक आहे. आणि ते पुस्तक आहे, कारण देवदत्त नावाच्या पुत्राने आईच्या आठवणींना मोल दिले व त्या लिहिण्यास तिला प्रवृत्त केले. म्हातारीजवळ गोष्टी पुष्कळ असतात. ऐकणारा कान घरात असावा लागतो.

म्हणून, प्रियांनो, तीन गोष्टी करा. जिची पणजी हयात आहे तिने ह्याच आठवड्यात तिच्यापाशी बसावे, तिचे माहेरचे नाव विचारावे व कुटुंबाच्या पवित्र शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर ते लिहून ठेवावे. ज्यांची पणजी प्रभूकडे गेली आहे त्यांनी तिच्या एका जुन्या मैत्रिणीच्या दारी जाऊन म्हणावे, "मी अमकीचा पणतू, तुम्हांस भेटावयास आलो." आणि ज्यांच्याशी तिने आपणांस बोलते ठेवले होते, त्यांच्याशी ती गेल्यानंतर अबोला धरू नका. तिच्या मातीवर फुले वाहून घरातील दार बंद करणे हे स्मरण नव्हे.

बेथलेहेमच्या शेजारणींनी ज्या बाळाचे नाव ठेवले, त्याच्याच वंशात आपला तारणारा जन्मला, आणि मत्तयाने त्या वंशावळीत रूथचे नाव गाळले नाही. देव आपल्या पणज्यांना विसरत नाही. तो आपणांसही न विसरण्याची बुद्धी देवो. आमेन.