सोबतीची मजुरी

एका प्रशिक्षण-पुस्तिकेचं भाषांतर करताना 'डूला' या शब्दापाशी मी अडले. शब्द तसाच ठेवता आला असता. डॉक्टर, नर्स, सिझेरियन आपण ठेवलेच आहेत. पण पुस्तिका ज्या बायकांसाठी होती त्यांना हे काम नवं नव्हतं, फक्त नाव नवं होतं, आणि ओळखीच्या कामाला अनोळखी नाव देणं मला पटेना.

डूला म्हणजे गरोदरपणात, प्रत्यक्ष बाळंतपणात आणि पुढचे काही आठवडे बाईच्या सोबत राहणारी, त्यासाठी शिकलेली आणि त्याचे पैसे घेणारी स्त्री. ती डॉक्टर नव्हे, नर्स नव्हे, सुईणही नव्हे. ती आतून तपासत नाही, नाळ कापत नाही, औषध देत नाही. कंबर दाबते, पाणी पाजते, कूस बदलायला हात देते, डॉक्टर घाईत काय बोलून गेले ते सावकाश पुन्हा सांगते, आणि मूल होईपर्यंत उठून जात नाही. या यादीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती शेवटची गोष्ट.

शब्द ग्रीक आहे. प्राचीन ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दासी, म्हणजे गुलाम स्त्री. सुईणीसाठी त्या भाषेत 'माइया' असा वेगळा शब्द होता, पण आधुनिक जगाने उचलला तो दासीचा. डेना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी स्तनपानावरच्या १९७३ सालच्या पुस्तकात तो वापरला आणि तो रूढ झाला. गुलामगिरीच्या काळात अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रियांनी मालकिणींची बाळंतपणं केली, त्यांची मुलं पाजली. तिथे आज हे काम करणाऱ्या काहींना आपलंच नाव बोचतं, यात नवल नाही.

मग आपल्या भाषा धुंडाळल्या. हिंदीत दाई, तेलुगूत मंत्रसानी, तमिळमध्ये मरुत्तुवच्ची. मी राहते त्या कर्नाटकात सूलगित्ती. पावगड तालुक्यातल्या नरसम्मांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा 'सूलगित्ती' हे त्यांच्या नावाआधी बिरुदासारखं लागलेलं होतं. पण या सगळ्या जणी मूल सोडवणाऱ्या. न सोडवता नुसती जवळ बसणारी जी, तिला स्वतंत्र नाव नाही, कारण ती आई असे, मावशी असे, शेजारची वहिनी असे. शेवटी मी 'सोबतीण' लिहिलं.

मराठीत सोबत ही एखादी वस्तू असावी तशी दिली जाते. घरात कोणी नसलं की शेजारच्या मुलीला आपण सांगतो, रात्री सोबतीला ये. ती येते आणि झोपते. चोर आला तर ती काय करणार आहे? भूत आलं तर आपल्याआधी तीच पळेल. तरी तिच्या नुसत्या असण्याने आपल्याला झोप लागते. डूलाच्या कामाचा गाभा याहून नेमका सांगता येईल असं मला वाटत नाही. अडचण एकच. सोबतीचे पैसे मागायचे नसतात. पुस्तिकेत पुढे फी कशी ठरवावी यावर अख्खं प्रकरण होतं, आणि तिथे माझा शब्द ठेचकाळायला लागला. जे माणुसकी म्हणून द्यायचं ते विकत घेतलं तर ते तेच राहतं का?

बाळंतिणीजवळ कोणी बसावं याबद्दल जुन्या ग्रंथांत आश्चर्यकारक एकमत आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागारातल्या बायकांचे गुण सांगितले आहेत: अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, कष्ट सोसणाऱ्या, खचून न जाणाऱ्या. त्यांनी कोमट तेलाने कंबर, कुशी, पाठ, मांड्या हलक्या हाताने, तिला सुखावेल तेवढ्याच चोळाव्यात, आणि कळ नसताना जोर करायला लावू नये, असंही तिथे आहे. प्लेटोच्या 'थिएटेटस'मध्ये सुइणीचा मुलगा असलेला सॉक्रेटिस सांगतो की सुईण व्हायला स्वतः बाळंत झालेली, पण आता वय उलटलेली बाई लागते. आणि भारत सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत घ्यायला परवानगी दिली, तेव्हा ती शक्यतो स्वतः प्रसूतीतून गेलेली असावी, असं म्हटलं. तिघांनाही अनुभवलेली बाई हवी. माया मात्र फक्त चरकाने मागितली आहे.

मायेची गरज किती, हे तपासल्यासारखा एक प्रयोग आहे. मार्शल क्लॉस आणि जॉन केनेल हे दोघे बालरोगतज्ज्ञ. ग्वाटेमाला सिटीतल्या ज्या रुग्णालयात बायकांना एकट्यानेच कळा सोसाव्या लागत, तिथे त्यांनी व सहकाऱ्यांनी काही जणींजवळ एक अनोळखी, वैद्यकीय शिक्षण नसलेली बाई बसवली. १९८० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिच्याजवळ कोणी होतं आणि गुंतागुंत झाली नाही, तिचा प्रसूतीपर्यंतचा वेळ एकटीच्या निम्म्याहून कमी होता. पुढे ह्यूस्टनमध्ये पहिलटकरणींचे तीन गट ताडून पाहिले. एका गटाजवळ डूला होती. एका गटाजवळ कोणीच नव्हतं. तिसऱ्या गटाच्या खोलीत एक बाई बाजूला बसून फक्त नोंदी करत होती. तिने बोलायचं नाही, हात लावायचा नाही. १९९१च्या त्या निबंधात सिझेरियनचं प्रमाण आहे: डूला असताना ८ टक्के, कोणी नसताना १८, आणि ती मुकी बाई असताना १३.

या १३ वर मी फार विचार केला आहे. त्या बाईने काहीच केलं नाही. एक अर्थ असा, की आपल्याला कोणीतरी पाहत आहे एवढ्यानेही माणूस तग धरतो. दुसरा अर्थ जास्त अस्वस्थ करणारा आहे: कदाचित तिच्या असण्याचा परिणाम बाळंतिणीवर झालाच नसेल, रुग्णालयावर झाला असेल. कोपऱ्यात वही घेऊन कोणी बसलं की माणसं जपून वागतात. प्रसूतिकक्षात ओरडणाऱ्या बाईला काय काय ऐकवलं जातं, मांडीवर कशा चापट्या बसतात, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. हे साक्षीदारासमोर तितकं सहज होत नाही. माझं मत दुसऱ्या अर्थाकडे झुकतं, पण ८ आणि १३ यांतला फरक उरतोच. नुसतं पाहणं पुरत नाही, हात लागतो. आणि तो हात नात्याचा असावा लागत नाही.

माझी मुलगी झाली त्याला चौदा वर्षं झाली. रुग्णालयाच्या नियमाप्रमाणे आत कोणालाही येऊ देत नव्हते. बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती, त्यामुळे प्रत्येक कळ कमरेत फुटायची. दर काही वेळाने हात लागायचा तो मोजणारा: किती उघडलं, किती उरलं. त्या हातांवर माझा राग नाही, ते हवेतच. पण त्या प्रत्येक हाताला माझ्या शरीराकडून काहीतरी कळून घ्यायचं होतं. मग फरशी पुसायला आलेल्या आयाने फडकं बादलीत टाकलं, हात धुतले आणि माकडहाडाच्या जरा वर मूठ टेकवून जोर दिला. 'आगुत्ते, आगुत्ते' म्हणाली. होईल, होईल. माझं कन्नड तेव्हा दहा शब्दांचं होतं आणि हा त्यांतला नव्हता. दुसरं मूल होणार असतं तर मी तिलाच शोधलं असतं.

मूल झाल्यावर ती माझ्या नवऱ्याकडे गेली आणि पाचशे रुपये मागितले. मुलगा असता तर हजार मागितले असते, असंही मोकळेपणाने म्हणाली. आई चिडली. 'बघ, म्हणजे त्यासाठीच होतं सगळं.' आईचं हे वाक्य मला कधी मान्य झालं नाही, पण ते खोडायला बराच काळ लागला. कमरेवरचा दाब खरा होता. पैसे मागितल्याने तो मागाहून खोटा कसा होईल? डॉक्टरांनी बिल लावलं म्हणून टाके खोटे ठरले नाहीत. आयाच्या मागण्यात खुपलं ते एवढंच, की तिला ते जिन्याखाली, दबक्या आवाजात, बक्षीस म्हणून मागावं लागलं.

फुकट हाताचा इतिहासही काही मायेचा नाही. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात अनेक गावांत सुईणपण मातंग समाजातल्या बायकांकडे असे. उत्तरेत नाळ कापणं, वार पुरणं हे दलित दाईचं काम. एरवी जिला पाण्याच्या घड्याजवळ येऊ देत नसत, तिचा हात त्या रात्रीपुरता चालायचा, घरातल्या नव्या जिवाला पहिला स्पर्श तिचाच व्हायचा, आणि मग घर धुऊन काढायचे. पायलीभर जोंधळे, कधी लुगडं-चोळी देऊन तिची बोळवण होई. तिला 'मी आज येणार नाही' म्हणायची सोय नव्हती. ग्रीकांच्या डूलालाही नव्हती. दासी आणि मजूर यांत मला दिसणारा फरक हाच आहे: मजुराला नकार देता येतो, आणि ज्याला नकार देता येतो त्याच्याच होकाराला माया म्हणता येते.

जुन्या सुइणीचे गोडवे गाण्याचा मोह मात्र टाळायला हवा. २००५-०६ साली देशातली ३९ टक्क्यांच्या आसपास बाळंतपणं संस्थेत होत. २०१९-२१ पर्यंत हा आकडा ८८.६ वर गेला. दर लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता मरत होत्या, त्या दीड-दोन दशकांत ९७ वर आल्या. त्यामागे इतरही कारणं आहेत, पण पोट दाबून मूल काढू पाहणारे हात दूर झाले हे चांगलंच झालं. रुग्णालयातही असे हात असतात, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तसं दाबू नका असंच सांगते. स्पर्श म्हटला की तो आपोआप चांगला होत नाही. डूलांना पहिल्या दिवशी शिकवतात ते हात ठेवण्याआधी विचारायला.

आता या कामातल्या पैशांची नावं बघा. आयाला बक्षीस, सुईणीला बोळवण, आशाताईंना मानधन आणि प्रोत्साहन भत्ता. बाईला प्रसूतीसाठी दवाखान्यात आणणारी, तिथल्या बाकावर रात्र काढणारी आशा सरकारी कागदांवर 'स्वयंसेविका' आहे. २०२४च्या सुरुवातीला त्या हजारोंनी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, तेव्हाही बातम्यांत मागणी होती ती मानधनवाढीची. पगार हा शब्द या कामांजवळ फिरकत नाही. शहरातली डूला मात्र 'पॅकेज' सांगते, आणि ते परवडणारी बाई वेगळी असते. ज्यांना ऐकवलं जातं आणि मारलं जातं, त्यांच्या उशाशी ती पोचत नाही. पुस्तिकेच्या संपादकांनी फीच्या प्रकरणाला 'मानधन' सुचवलं. मी 'मजुरी' लिहिलं. त्यांनी 'शुल्क' छापलं.

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणानंतर पुण्यात मी तिच्याकडे होते. सव्वा महिना तेल लावायला एक मावशी यायच्या. पहिल्याच दिवशी पाट ओढून बसल्या आणि हिशेब सांगितला: बाळाचे वेगळे, बाळंतिणीचे वेगळे, धुरी-शेगडी तुमची, रविवारी सुट्टी, खाडा झाला तर कापून घ्या. घरातले सगळे बाळाला बघायला येत. बहिणीला कोणी विचारलं तर दूध येतंय का एवढंच. मावशी मात्र आधी तिला घेत. टाचेपासून वर, पोटरी, मांडी, कंबर. टाके सांभाळून, बोलत बोलत. एकदा ती रडायला लागली, तेव्हा त्या बोलायच्या थांबल्या, हात थांबवला नाही. शेवटच्या दिवशी बहिणीने साडी पुढे केली. मावशींनी ती घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, 'ही तुमच्या मनाची झाली. पैसे?' नोटा मोजल्या, दोन खाडे स्वतःच वजा करून उरलेले परत दिले, बाळाच्या टाळूवर तेलाचं बोट ठेवलं, बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघाल्या. साडेदहाला त्यांचं पुढचं घर होतं.