सुटला कोण?



गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. वाचन रोज चालू होतं, पण लिहायला बसलं की हात थांबायचा. माझा मामेभाऊ गेला. २७ वर्षांचा होता. मामी त्याला लाडानं राजा म्हणायची, मीही इथे तेच म्हणतो.

वाचनाच्या क्रमात सध्या बारावा अध्याय आहे, भक्ताची लक्षणं. कुणाचाही द्वेष न करणारा, सगळ्यांचा मित्र, ज्याच्यापासून जगाला त्रास नाही आणि जो जगाला कंटाळत नाही, असा भक्त देवाला आवडतो. दरवर्षी हा भाग मी झरझर वाचून पुढे जायचो. यंदा अडकलो. कारण तेराव्याला आलेल्या माणसांच्या तोंडून एकच शब्द पुन्हा पुन्हा ऐकला. "सुटला बिचारा." आणि मग आवाज खाली आणून, "आईबापही सुटले."

बोलणारी माणसं वाईट नव्हती. दहाव्याला पाताळगंगेच्या काठी उन्हात उभी राहिलेली, डबे आणून देणारी माणसं. पण तो शब्द माझ्या घशात अडकला. कोण सुटला? कशातून?

आधी राजाबद्दल सांगतो. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. वाढत्या मेंदूला इजा झाली की शरीराच्या हालचालींवरचा ताबा जातो. अशा माणसाला समजत नाही असं लोक धरून चालतात, ते प्रत्येकाच्या बाबतीत खरं नसतं. राजाला सगळं समजायचं. बोलता येत नव्हतं. तीन-चार आवाज होते, आणि त्यात घराला पुरेल एवढी भाषा होती. खालापूर तालुक्यातल्या आमच्या मामाच्या गावी ओट्यावर त्याची खुर्ची असायची. माघी चतुर्थीला महडच्या वरदविनायकाला जाणारी माणसं रस्त्यानं दिसली की तो हात उंच करायचा. हात जायचा भलतीकडेच, पण लोकांना कळायचं. काही जण दर्शन घेऊन परतताना मुद्दाम थांबून त्याला प्रसाद द्यायचे.

त्याचं खरं वेड होतं आगगाड्यांचं. रविवारी मी त्याला खोपोलीहून लोकलनं कर्जतला आणायचो. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी, प्रत्येक स्टेशनाला तो एक आवाज काढायचा. खुर्ची गाडीत चढवायला दोन अनोळखी माणसं लागायची आणि दर वेळी ती मिळायची, हेही सांगायला हवं. कर्जतला पुण्याकडे जाणारी गाडी थांबली की बाकीचे वडापावकडे धावायचे, आमचा राजा शेवटच्या डब्याकडे बघायचा. तिथे मागून बँकर इंजिनं जोडतात. पुढे घाट आहे, ३७ फुटांना एक फूट असा चढ. पुढच्या एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून ढकलायचं. लोणावळ्याला चढ संपला की बँकर सुटतात. जोडणीचा खणकन आवाज झाला की राजा सगळ्या अंगानं हसायचा.

आता त्या "सुटला"कडे येतो.

तेराव्याला एक वडीलधारे म्हणाले, "मागल्या जन्मीचं काहीतरी असणार. फिटलं." मी उत्तर दिलं नाही. पण तेव्हापासून विचार करतोय. आमच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. प्रोग्रॅम बिघडला की आधी दुसऱ्यानं लिहिलेला कोड तपासायचा. कर्माच्या सिद्धांताचं आपण तेच करून ठेवलंय. तो आहे आपला हिशोब तपासायला, आणि आपण उघडतो शेजाऱ्याची वही. समजा, राजाचं शरीर त्याच्या कर्मानं तसं झालं. मग मी त्याच्यासमोर आलो, तेही माझ्या कर्मानंच ना? त्याच्या मागच्या जन्माचं पान मला दिसत नाही. माझं आजचं पान मात्र समोर कोरं पडलेलं आहे. भगवंतानं अर्जुनाला दुसऱ्यांची कर्मं मोजायला कधी सांगितलं? उठ आणि तुझं काम कर, एवढंच सांगितलं.

आपल्या वारकरी परंपरेत कूर्मदासांची कथा आहे. पैठणचे कूर्मदास, हातपाय नसलेले. कीर्तनात पंढरीचं वर्णन ऐकलं आणि निघाले. लोळत, सरपटत, वारकऱ्यांच्या मागे. सोलापूर जिल्ह्यातल्या लऊळपर्यंत आले आणि पुढे शरीर चालेना. मग पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांजवळ निरोप दिला. कथा सांगते की विठ्ठलच त्यांना भेटायला लऊळला आला. या कथेत कूर्मदासांच्या मागच्या जन्माची चौकशी कुणीही करत नाही. हातपाय दुरुस्त करण्याचा चमत्कारही होत नाही. देव फक्त उरलेलं अंतर चालून येतो. आणि निरोप पोचवणारे ते वारकरी? त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांनी "हा बिचारा सुटेल लवकर" म्हणून निरोप वाटेत टाकला असता, तर?

इथे मला माझी एक गोष्ट कबूल करायची आहे.

चार वर्षांपूर्वी मामा-मामी खोपोलीला लग्नाला गेले होते. राजा माझ्याकडे. त्याच दिवशी आमची सिस्टीम बंद पडली आणि मी लॅपटॉप घेऊन कॉलवर बसलो. मध्येच राजानं आवाज दिला. मी त्याच्याकडे न बघता ओठांवर बोट ठेवलं. तो गप्प झाला. अडीच तासांनी कॉल संपला तेव्हा पाहिलं, कपडे, चादर, सगळं ओलं. ओठ घट्ट मिटलेले, डोळे माझ्यावर. मी सांगितलेलं काम तो करत होता. मी हेडफोन काढल्यावर त्यानं ओठ सोडले आणि हसला.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याचे कपडे बदलले. चादर धुतली. मामीला काही सांगितलं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी राहवेना, सांगितलं.

मामी म्हणाली, "मला माहीत होतं रे. दोरीवर चादर दिसली तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू धुतलीस ना. म्हटलं, शिकतोय पोरगा."

म्हणजे त्या अडीच तासांचा साक्षीदार राजाही होता आणि मामीही. दोघांनीही माझ्यावर राग धरला नाही. अद्वेषाबद्दल वर्षानुवर्षं वाचत आलो होतो, ते असं दिसतं.

पण इथेच सावध व्हायला हवं. मला लिहिण्याचा मोह होतो की राजा संतच होता, देवानं त्याला आम्हाला शिकवायला पाठवलं होतं. ते खरं नाही. तो चिडायचा. नावडती भाजी ताटासकट उडवायचा. मी माझ्या मुलीला मांडीवर घेतलं की हेवा करायचा आणि लपवायचाही नाही. तो माणूस होता, पूर्ण माणूस. माझा धडा व्हावा म्हणून कुणी २७ वर्षं खुर्चीत बसत नाही. "बिचारा" म्हटलं काय आणि "देवमाणूस" म्हटलं काय, दोन्हीकडे आपण त्याच्याकडे बघायचं टाळतोच. माउली सांगतात, झाड लावणाऱ्याला आणि तोडणाऱ्याला सारखीच सावली देतं. मला वाटतं, समोरच्याला आहे तसा बघणं ही त्या सावलीची सुरुवात असावी.

तरीही "सुटला" हा शब्द अगदी खोटा आहे का? शेवटचे दोन महिने त्याला श्वास घेताना बघणं कठीण होतं. मामी २७ वर्षांत सलग सहा तास झोपली नसेल. हे मी तिच्यापाशी बोललो. ती म्हणाली, "दुखण्यातनं सुटला म्हण. आमच्यातनं सुटला म्हणू नको." याहून नेमकं उत्तर मला कुठल्या टीकेत मिळालं नाही.

आणि मग तिनं जे सांगितलं ते लिहायला जड जातं. ती रोज देवाकडे मागायची की मला याच्यानंतर एक दिवस तरी ठेव. आई आपल्या मुलानंतर जगायचं मागते! हे मागणं कुणी मागायला लावलं? राजाच्या आजारानं नाही. "आमच्यानंतर याचं कोण" या प्रश्नाला गावानं, नात्यानं, मी, खात्रीचं उत्तर दिलं नाही, म्हणून. मी वर्षातून चार-सहा रविवार द्यायचो आणि स्वतःला त्याचा बँकर समजायचो. घाट मामी एकटी चढत होती.

वाचकांपैकी कुणाच्या घरी किंवा शेजारी असं मूल असेल तर दोन गोष्टी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. निरामय योजनेत १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. कागदपत्रांची धावपळ आईबापांना एकट्याला करू देऊ नका. फॉर्म भरून द्या, सोबत जा. आणि आठवड्यातला एखादा दिवस त्या आईला झोपू द्या. हीसुद्धा सेवाच.

मामी अजून रात्री तीनला उठते. त्याची कूस बदलायची ती वेळ. उठते, हात पुढे करते, मग आठवतं. काल मी तिथे होतो. ती म्हणाली, "झोप तू." मी झोपलो नाही. दोघांनी चहा केला, ओट्यावर बसलो. लांबून घाट चढणाऱ्या गाडीचा आवाज आला. राजानं काढला असता तसा आवाज मामीनं हळूच काढला.

पांडुरंगा, त्याच्यासाठी काही मागत नाही, तो तुझ्याकडेच आहे. मला एवढं दे, की कुणी हाक मारली तर माझं बोट ओठांवर जाऊ नये.

रामकृष्ण हरी.