अजून सांगू नकोस

दुपारचे अडीच. घरातली मोठी माणसं लवंडली आहेत, पंखा एका बाजूला कटकटतोय. सतरंजीवर तुम्ही सहा जण. आरएमओ, म्हणजे रीजनल मॅथेमॅटिकल ऑलिंपियाड, पंधरा दिवसांवर आली आहे. आधीची पात्रता फेरी, आयओक्यूएम, पार पडली. तिथे 30 प्रश्न होते, प्रत्येकाचं उत्तर एक पूर्णांक, ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे केले की विषय संपला. आता तीन तास, सहा गणितं आणि कोरे कागद. सिद्ध काय करायचं ते बरेचदा प्रश्नातच लिहिलेलं असतं. तिथपर्यंत कसं पोचायचं, तेवढं लिहिलेलं नसतं.

मोबाइल आतल्या खोलीत ठेवून ये. घड्याळही. वेळ लावून सोडवायला शेवटचा आठवडा आहे, आणि मला विचारशील तर ही घड्याळाची घाई मुलांना फार लवकर लावली जाते. आज एकच गणित.

कागदावर सहा ठिपके काढ. रांगोळीसारखे ओळीत नकोत, गोलात काढ, ऐसपैस. आता गणित वाच: कोणतीही सहा माणसं घेतली, तर त्यांत एकमेकांना ओळखणारे तिघं तरी असतील, नाहीतर एकमेकांना अजिबात न ओळखणारे तिघं तरी असतील.

पेन खालीच राहू दे. पुन्हा वाच आणि ‘कोणतीही’ या शब्दापाशी थांब. एसटीतली सहा, लग्नाच्या पंगतीतली सहा, या सतरंजीवरची सहा. कोण कुणाला ओळखतं हे तुला कुणी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तरीही ठामपणे बोलायचं आहे. हे जरा विचित्र वाटतंय ना? वाटू दे. ते वाटणं घालवायची घाई करू नकोस.

आता रेघा. ओळख असेल तर लाल, नसेल तर निळी. सहा ठिपक्यांत 15 रेघा होतात. प्रत्येकीला दोन रंगांची मुभा, म्हणजे 32,768 चित्रं. हात शिवशिवतील, दोनचार चित्रं काढून बघावीशी वाटतील. काढ. प्रत्येकात एकरंगी त्रिकोण, म्हणजे गणितातले ते तिघं, सापडेल आणि त्यानं काहीही सिद्ध होणार नाही. मधूनच खांद्यांकडे लक्ष दे. गणित अडलं की ते कानांकडे चढू लागतात. त्यांना खाली येऊ दे.

आणि नेमक्या याच वेळी समोरून आवाज येतो: ‘‘सुटलं!’’

इथे थांब. गणितात नव्हे, स्वतःत बघ. पोटात काहीतरी आवळलं. कागदावरचे ठिपके एकदम परके झाले. एक मन म्हणतंय, विचारून टाक. दुसरं म्हणतंय, विचारलं की हरलो. ती तुझी मैत्रीण आहे, तिच्या डब्यातली पोळी गेली चार वर्षं तुझ्या पोटात जातेय. पुढच्या फेरीच्या यादीत तिचं नाव असेल आणि तुझं नसेल, हेही होऊ शकतं. दोन्ही खरं आहे. त्यातलं एक खोडायची काहीच गरज नाही.

तिच्याकडे बघ आणि म्हण, ‘‘अजून सांगू नकोस.’’

मग तिच्या जागी जाऊन बघ. सुटलेलं गणित तोंडात धरून बसणं सोपं नसतं. गरम बटाटेवड्याचा घास असावा तसं होतं. तरी ती गप्प आहे, खिडकीबाहेर बघतेय, पेनाचं टोपण उघडमीट करतेय. एकत्र अभ्यास म्हणजे एकमेकांना समजावून सांगणं, असं सगळे मानतात. मला तर त्यातली ही गप्प बसण्याची बाजूच जास्त मोलाची वाटते. ती क्लासमध्ये मिळत नाही. तिथे फळ्यावर उत्तर यायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पाव तासानंतरही वाट दिसत नसेल, तर विचार. पण उत्तर नको, ‘‘कुठून बघितलंस?’’ एवढंच.

ती म्हणते, ‘‘सगळीकडे फिरू नकोस. एकाच्याच घरी जाऊन बस.’’

एक ठिपका निवड, हवं तर स्वतःचा. तिथून पाच रेघा निघतात. रंग दोनच. पाच रेघा, दोन रंग: एका रंगाच्या तीन तरी असणारच. ज्याला कबुतरखान्याचं तत्त्व म्हणतात आणि तुम्ही नुसतं पिजनहोल म्हणता, ते हे. समज, त्या तीन लाल आहेत. त्या तीन रेघांच्या टोकांशी जे तिघं बसलेत, त्यांच्याकडे बघ. त्यांच्यात एक जरी लाल रेघ असेल, तर ते दोघं आणि तू मिळून लाल त्रिकोण. एकही नसेल? मग त्या तिघांतल्या तिन्ही रेघा निळ्या, आणि तोच निळा त्रिकोण. सुरुवातीच्या तीन रेघा निळ्या असत्या, तरी रंग उलटे करून हेच बोलता आलं असतं.

32,768 चित्रं, आणि लागली ती तीन-चार वाक्यं. क्षणभर काही लिहू नकोस.

आता लिही आणि वही शेजाऱ्याला दे. त्याची तू घे. तुझ्या डोक्यात काय होतं ते त्याला माहीत नाही, पेपर तपासणाऱ्यालाही नसेल. जिथे ‘हे उघडच आहे’ असं लिहिलेलं असेल, तिथे बोट ठेव. बहुतेक भोकं त्याच शब्दांखाली झाकलेली असतात.

एकाला क्लासला जायचंय, तो चपला घालून निघालासुद्धा. पाच उरलात. विधान पाचांसाठी खरं राहतं का? गोलात पाच ठिपके काढ, शेजाऱ्याशेजाऱ्यांत लाल रेघ, बाकी सगळ्या निळ्या. बाहेर पंचकोन, आत चांदणी. एकरंगी त्रिकोण कुठेच नाही. एक माणूस उठून गेला आणि सगळी खात्री त्याच्याबरोबर गेली.

1964 साली मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये हेच गणित मोठं होऊन आलं होतं: 17 माणसं, प्रत्येकाचा प्रत्येकाशी पत्रव्यवहार, विषय तीनच, आणि प्रत्येक जोडीचा विषय एकच. एकाच विषयावर आपापसांत लिहिणारे तिघं असतातच, हे दाखवायचं. पुन्हा एकाच्याच घरी जाऊन बस. 16 पत्रमित्र, तीन विषय, म्हणून एका विषयाचे सहा तरी. त्या सहांत तो विषय कुठल्याही जोडीनं काढला, तर काम झालं. नाही काढला, तर उरले दोन विषय आणि सहा माणसं. म्हणजे आपलीच सतरंजी. रंग दोनच ठेवून तिघांऐवजी चौघांचा गट हवा असेल, तर सहाच्या जागी 18 माणसं लागतात. आणि पाचांचा गट हवा असेल तर नेमकी किती, ते अजून जगात कुणालाच काढता आलेलं नाही. अडून बसण्यात तू एकटं नाहीस.

चहा आलाय. कप कागदावर ठेवू नकोस.

मघाच्या सहा ठिपक्यांकडे परत ये. त्यांत एकूण 20 त्रिकोण आहेत. एकरंगी एक तरी असतो, हे झालं. पण मघा काढलेली चित्रं नीट बघ: कुठल्याही चित्रात एकावर थांबतंय का? कमीत कमी दोन असतातच. का?

या खेपेस त्रिकोण मोजू नकोस, ठिपक्यापाशी मिळणाऱ्या दुरंगी रेघांच्या जोड्या मोजून बघ.

भिंतीला टेकून बसलेल्यानं लिहिणं थांबवलंय. पेनाला टोपण लावलं. तो तुझ्याकडे बघतोय, भुवया वर.

नुसती मान हलव. अजून नको.