चुकलेली सिद्धता कोण वाचणार?

— एम.एस्सी. झाली, जेआरएफही मिळाली. तरी गणितात पीएच.डी.ला प्रवेश घ्यावा की नाही, ठरत नाही. वाइल्स यांच्यासारखी बुद्धी माझ्याकडे नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मग पाच-सहा वर्षं कशासाठी घालायची?

बुद्धी पुरेल का, हे प्रवेशाआधी कुणालाच कळत नाही. म्हणून त्या प्रश्नावर निर्णय टांगून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय वाइल्स यांचं नाव तू घेतलंस, पण त्यांच्या गोष्टीतून निघतं ते वेगळंच. अँड्र्यू वाइल्स यांनी १९८६ पासून सात वर्षं फर्माच्या अंतिम प्रमेयावर जवळजवळ गुपचूप काम केलं, आणि एकाकी प्रतिभेचा नमुना म्हणून ही हकीकत सांगितली जाते. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. जून १९९३ मध्ये केंब्रिजला त्यांनी सिद्धता जाहीर केली. मग त्यांचे सहकारी निक कॅट्झ हस्तलिखित ओळीओळीने तपासू लागले आणि त्यांच्या शंकांमधून सिद्धतेतली फट उघडी पडली. ती सप्टेंबर १९९४ मध्ये बुजली, तेव्हा सोबतीला होते वाइल्स यांचेच जुने विद्यार्थी रिचर्ड टेलर. इतक्या मोठ्या गणितज्ञालाही आपली चूक एकट्याने दिसली नाही. प्रयोगशाळेत चुकलेला अंदाज निसर्गच खोडून काढतो. गणितात चुकलेली ओळ कागदावर बरोबर ओळीसारखीच दिसते. तिच्यावर बोट ठेवणारा जाणता वाचक लागतो. पीएच.डी.ची वर्षं मुळात अशा वाचकाच्या सहवासाची असतात. तेव्हा स्वतःला विचारायचं ते हे, की माझी चुकलेली सिद्धता कोण वाचणार?

— पण कापरेकरांना कुठे होता असा वाचक? ते देवळालीत शाळामास्तर होते. आणि कोसंबींनीही पीएच.डी. केली नव्हती.

दोन्ही खरं आहे, आणि दोघांबद्दल मला अतोनात आदर आहे. द. रा. कापरेकरांचा ६१७४ हा स्थिरांक १९४९ चा. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्यायची, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करायची, आलेल्या उत्तरावर (ते तीन अंकी असेल तर आधी शून्य लावून) तेच पुन्हा करायचं. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतोच. हा प्रश्न शाळकरी मुलाला समजतो, आणि तेच त्याचं सौंदर्य आहे. पण आजच्या बहुतेक गणितात प्रश्न नुसता समजून घ्यायलाच दोन-तीन वर्षं जातात. शिवाय कापरेकरांच्या एकटेपणाची किंमतही लक्षात घे. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगभर त्यांचं नाव झालं. दामोदर धर्मानंद कोसंबींची गोष्ट निराळी. हार्वर्डमध्ये शिकून आलेले कोसंबी अलीगढला शिकवत होते तेव्हा तिथे आंद्रे वेल होते, विसाव्या शतकातल्या सर्वश्रेष्ठ गणितज्ञांपैकी एक. कोसंबींकडे पीएच.डी. नव्हती, सोबत होती. आपल्यापैकी बहुतेकांना ती सोबत मिळण्याचा सरळ मार्ग आज पीएच.डी. हाच आहे.

— ही सगळी यशस्वी माणसं झाली. ज्यांचे प्रबंध ग्रंथालयात धूळ खात पडले त्यांचं काय?

हा आक्षेप सगळ्यांत भारी आहे. पण एक उदाहरण बघ. शरदचंद्र श्रीखंडे नागपुरात शिकले, पुढे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात राज चंद्र बोस यांच्या हाताखाली १९५० मध्ये पीएच.डी. झाले. विषय ब्लॉक डिझाइन्सचा, म्हणजे शेतीच्या प्रयोगांची आखणी करताना वाढलेल्या संयोजनशास्त्राचा. त्या वर्षी हिशेब मांडला असता तर एका अरुंद विषयातलं काम एवढंच दिसलं असतं. ऑयलर यांनी १७८२ मध्ये एक अटकळ मांडली होती: बाजूला ६, १०, १४ अशी, म्हणजे चाराने भागून दोन उरणारी घरं असतील, तर एकमेकांवर ठेवल्यावर प्रत्येक जोडी एकदाच येईल असे दोन लॅटिन चौरस (म्हणजे प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येणारे चौरस) मिळणार नाहीत. १९५९ मध्ये बोस आणि श्रीखंडे यांनी २२ घरांची जोडी रचली, पार्कर या गणितज्ञाने १० ची, आणि लवकरच तिघांनी मिळून दाखवलं की सहाच्या पुढे ही अटकळ कुठेच टिकत नाही. त्या रचनेला लागलेली डिझाइन्स अनेकांनी अनेक वर्षं एकेक करून बांधलेली होती. आपलं काम अशा कुठल्या बांधकामात लागेल, हे लिहिणाऱ्याला आधी कळत नाही. काही प्रबंध कधीच कुणाला लागत नाहीत, हेही मी नाकारत नाही. पण ज्याने महिनोन्‌महिने अडून राहून आपली चूक ओळखायला शिकून घेतलं, त्याच्या हातात ते शिक्षण राहतंच, आणि पुढे तो वर्गात उभा राहिला की विद्यार्थ्यांपर्यंत पोचतं.

— आणि घरचं?

इथे माझा युक्तिवाद थांबतो. जेआरएफचे ३७,००० आणि नंतर एसआरएफचे ४२,००० रुपये वेळेवर आले तर एकट्या माणसाचं भागतं. घर चालवायचं असेल तर नोकरी आधी धरण्यात कमीपणा नाही. पण ती अडचण नसेल, तर संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शक बघ. त्यांच्या अलीकडच्या विद्यार्थ्यांना गाठून विचार की सर किंवा मॅडम फळ्यापाशी आठवड्याला किती वेळ बसतात, की फक्त सहामाही प्रगती अहवालावर सही करतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी शोधनिबंध छापून आणायची सक्ती उरलेली नाही. गणितात निबंध तपासून यायला फार वेळ लागतो, म्हणून हा बदल मला योग्यच वाटतो. पण त्यामुळे असंही होऊ शकतं, की बाहेरचा पहिला वाचक थेट प्रबंधाचा परीक्षक असेल, आणि तोवर पाच वर्षं होऊन गेलेली असतील. जिथे साप्ताहिक सेमिनार भरतो, जिथे अर्धवट सिद्धता फळ्यावर मांडली तर कुणीतरी मधेच थांबवून प्रश्न विचारतं, अशी जागा शोध. तसं कुणी नसेल, तर जेआरएफ हातात असूनही तिथे नाव घालू नकोस. थांबून दुसरीकडे अर्ज कर.